गिनीपिगच्या अंडाशयात सिस्ट : ऑपरेशन कधी करायचं, कधी थांबायचं?

घरात दोन-तीन वर्षांची गिनीपिग मादी आहे. गेल्या काही आठवड्यांत तिचं पोट दोन्ही बाजूंनी फुगल्यासारखं दिसतंय. कुशीवरचे केस विरळ झालेत. खाणं मात्र ठीक चाललंय. अशा वेळी घरात साधारण तीन मतं पडतात. आजी म्हणते, पिल्लं होणार असतील. बाबा म्हणतात, बसून बसून लठ्ठ झालीय. आणि ज्यांनी हट्टाने ती घरी आणली, ते मोबाईलवर 'गिनीपिगचे केस का गळतात' हे शोधत बसतात.

या वयाच्या मादीत आणि अशा लक्षणांत आधी तपासून पाहायला हवी ती गोष्ट वेगळीच असते : अंडाशयातली सिस्ट.

पशुवैद्यकाच्या पुस्तकांत हा आजार गिनीपिगमध्ये 'अतिशय नेहमीचा' म्हणून नोंदलेला आहे. साधारण दीड ते पाच वर्षं वयाच्या माद्यांमध्ये तो दिसतो. वयात आलेल्या माद्यांवर झालेल्या अभ्यासांत निम्म्याहून जास्त जणींमध्ये सिस्ट सापडल्या आहेत. त्यातल्या अनेकींना बाहेरून काहीच त्रास दिसत नव्हता. म्हणजे तुमच्या गिनीपिगला सिस्ट आहे असं कळलं तर ते काही अघटित नाही. खरा प्रश्न पुढचा असतो. ती कोणत्या प्रकारची आहे, तिचा त्रास होतोय का, आणि एवढ्याशा जिवाला भूल द्यायची का?

सिस्ट म्हणजे नेमकं काय?

पातळ आवरण असलेली, आत द्रव भरलेली पिशवी. आपण सवयीने 'गाठ' म्हणतो आणि गाठ म्हटलं की पुढचा शब्द मनात येतो तो कॅन्सर. सिस्ट म्हणजे कॅन्सर नव्हे. (गिनीपिगच्या अंडाशयात ट्यूमरही होतात, पण तो वेगळा आजार आहे.) माणसांमधल्या पीसीओडीशीही याची गल्लत करू नका. नाव ऐकायला सारखं वाटलं तरी तिथले उपचार इथे चालत नाहीत.

गिनीपिगचं अंडाशय असतं जेमतेम काही मिलिमीटरचं. सिस्ट मात्र अर्ध्या सेंटिमीटरपासून सात सेंटिमीटरपर्यंत वाढू शकते. सात सेंटिमीटर म्हणजे जवळपास क्रिकेटच्या बॉलएवढी. आणि पूर्ण वाढलेल्या मादीचं वजन असतं साधारण ७०० ते ९०० ग्रॅम. एवढ्या शरीरात एवढी पिशवी आली की आतडी आणि फुफ्फुसं यांना जागा कुठून मिळणार? बहुतेक वेळा सिस्ट दोन्ही बाजूंना होतात. एकाच बाजूला असेल तर ती बहुधा उजवीकडे असते.

आता प्रकार. हा भाग थोडा तांत्रिक आहे, पण पुढचा सगळा उपचार यावरच ठरतो, म्हणून समजून घ्या.

सगळ्यात जास्त आढळते ती सिरस सिस्ट. अंडाशयाच्या तोंडाशी बारीक नळ्यांचं एक जाळं असतं. त्यात पाण्यासारखा द्रव साचत जातो आणि पिशवी फुगते. ही सिस्ट हार्मोन तयार करत नाही. तिचा त्रास होतो तो तिच्या आकाराचा.

दुसरी फॉलिक्युलर सिस्ट. ज्या पुटिकेतून अंडं बाहेर पडायचं ती फुटतच नाही आणि वाढत राहते. ही इस्ट्रोजेन सोडते, त्यामुळे तिची लक्षणं कातडीवर, स्तनाग्रांवर आणि वागण्यात दिसतात. तिसरा प्रकार अंडाशयाच्या शेजारी होणाऱ्या सिस्टचा, तो कमी दिसतो. एकाच मादीत एकाहून अधिक प्रकार एकत्र असू शकतात.

केस गळणं : माइट्स की सिस्ट?

इथे बरेच आठवडे वाया जातात. गिनीपिगचे केस गळले की पहिला संशय जातो तो माइट्सवर किंवा बुरशीवर, आणि तो चुकीचाही नाही, कारण दोन्ही आजार नेहमीचे आहेत. पण फरक बघायला शिकता येतो.

माइट्स झाल्यावर गिनीपिगला भयंकर खाज सुटते. ती स्वतःला ओरबाडते, कातडीवर कोंडा आणि खपल्या दिसतात, हात लावला तरी ओरडते. प्रमाण फार वाढलं तर झटकेसुद्धा येतात. बुरशीची सुरुवात बऱ्याचदा नाक, डोळे, कान यांच्या आसपास होते. सिस्टमुळे जाणारे केस मात्र दोन्ही कुशींवर, आरशात पाहिल्यासारखे सारख्याच जागी विरळ होतात. खालची कातडी स्वच्छ असते आणि खाज नसते.

सोबत स्तनाग्रं पाहा. ती मोठी झाली असतील, त्यांच्यावर खपली धरली असेल तर हार्मोनचा संशय बळावतो. काही माद्या अचानक चिडक्या होतात, पिंजऱ्यातल्या दुसरीवर सतत चढतात, घुमल्यासारखा आवाज काढत फिरतात. इथे एक सांगायला हवं. गिनीपिग मादी दर १५ ते १७ दिवसांनी माजावर येते आणि तेव्हा एखादा दिवस असं वागणं अगदी स्वाभाविक आहे. ते थांबतच नसेल तर लक्ष द्यायचं.

सिरस सिस्टमध्ये यातलं काहीच नसू शकतं. फक्त पोट वाढतं आणि वरून पाहिलं की शरीराचा आकार नासपतीसारखा दिसतो. मादी गप्प राहते, अंग आखडून बसते, उचलल्यावर कण्हते. वजनकाट्यावर वजन तेवढंच किंवा वाढलेलं दिसतं, पण पाठीचा कणा हाताला लागायला लागतो. याचा अर्थ मांस कमी होतंय आणि द्रव वाढतोय.

योनीमार्गातून रक्त दिसलं तर वाट पाहू नका. सिस्ट असलेल्या माद्यांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचे आजार आणि गर्भाशयातल्या गाठीही आढळतात. शिवाय गिनीपिगला मूतखडे फार होतात आणि त्यातही रक्त येतं. रक्त नेमकं कुठून येतंय हे घरी ठरवता येत नाही.

आणि पिल्लांची शक्यता? तीही खोटी नाही. दुकानात नर-मादी ओळखण्यात सर्रास घोळ होतो, 'दोन्ही माद्याच आहेत' म्हणून दिलेली जोडी काही महिन्यांत तीनाची-पाचाची होते. त्यामुळे डॉक्टर हा प्रश्न विचारणारच. 'एकदा पिल्लं होऊ दे, मग असले आजार होत नाहीत' या सल्ल्याला मात्र आधार नाही. पिल्लं झालेल्या माद्यांनाही सिस्ट होतात. उलट गिनीपिग मादी सात-आठ महिन्यांची झाल्यावर पहिल्यांदाच गाभण राहिली तर बाळंतपणात अडकण्याचा धोका मोठा असतो, कारण तोवर तिच्या ओटीपोटाच्या हाडांचा सांधा पुरेसा सैल होण्याच्या स्थितीत राहिलेला नसतो. दोन वर्षांच्या मादीवर हा 'घरगुती उपाय' करणं म्हणजे तिचा जीव धोक्यात घालणं.

निदान कसं होतं?

डॉक्टर आधी हाताने पोट तपासतात. मोठी सिस्ट बोटांना लागते. हे स्वतः करून पाहायचा मोह टाळा. आवरण पातळ असतं आणि जोराने दाबल्यास सिस्ट पोटात फुटू शकते.

पक्कं निदान होतं सोनोग्राफीने. पोटावरचे थोडे केस काढून, जेल लावून ती करतात आणि बहुतेक वेळा भूल लागत नाही. एक्स-रेमध्ये पोटात काहीतरी मोठं आहे एवढं दिसतं, पण आत द्रव आहे की घट्ट गाठ हे कळत नाही. सोनोग्राफीत ते कळतंच, शिवाय गर्भाशय कसं आहे, पिल्लं आहेत का, मूत्राशयात खडा आहे का हेही एकाच वेळी दिसतं. पैसे मोजकेच असतील आणि एकच तपासणी करणं शक्य असेल तर ही करा.

महाराष्ट्रात खरी अडचण वेगळी आहे. गल्लीतल्या क्लिनिकमध्ये कुत्री-मांजरं येतात, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गाई-म्हशी आणि शेळ्या. गिनीपिग, ससे, पक्षी यांच्यावर रोज काम करणारे म्हणजे 'एक्झॉटिक पेट्स'चे डॉक्टर मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. गाव लांब असेल तर निदान एकदा सोनोग्राफीसाठी तरी शहर गाठावं आणि पुढचं आपल्या डॉक्टरांनी त्यांच्याशी फोनवर बोलून चालवावं, हा मार्ग निघू शकतो. डॉक्टरांना असं सुचवण्यात त्यांचा अपमान नाही.

सिस्ट सापडली, पण त्रास नाही. मग?

तर थांबता येतं. सिस्ट छोटी आहे, मादी खातेय, वजन स्थिर आहे, केस-स्तनाग्रं ठीक आहेत, अशा वेळी अनेक डॉक्टर काही महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून आकार पाहायला सांगतात. थांबणं म्हणजे विसरणं नव्हे. या काळात स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा हे तुमचं सगळ्यात उपयोगी यंत्र आहे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी वजन करून लिहून ठेवा. ८०० ग्रॅमची मादी ७२० वर आली म्हणजे दहा टक्के वजन गेलं. ६० किलोच्या माणसाचं सहा किलो जाण्यासारखं आहे ते.

सिस्ट वाढत असेल, हार्मोनची लक्षणं दिसत असतील किंवा खाणं कमी झालं असेल, तर निर्णय घ्यावा लागतो.

ऑपरेशन : पक्का इलाज, पण धोका किती?

सिस्टवरचा कायमचा उपाय एकच, तो म्हणजे अंडाशय काढून टाकणं. गर्भाशयातही बिघाड दिसत असेल तर तेही काढतात. दोन वाटा आहेत. पोटाच्या मधोमध चीर देऊन अंडाशय आणि गर्भाशय दोन्ही काढता येतात. गर्भाशय निरोगी असेल तर शेवटच्या बरगडीमागे, दोन्ही कुशींना छोट्या चिरा देऊन फक्त अंडाशयं काढता येतात. या दुसऱ्या वाटेत आतड्यांना फार हात लागत नाही आणि जखम जमिनीला घासत नाही. कोणती वाट घ्यायची हे सिस्टचा आकार, गर्भाशयाची अवस्था आणि डॉक्टरांचा हात यावर ठरतं.

आता भीतीचा भाग. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात भूल किंवा गुंगी दिलेल्या प्राण्यांपैकी किती दगावतात हे मोजलं होतं. कुत्र्यांमध्ये हे प्रमाण ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४, सशांमध्ये १.३९ आणि गिनीपिगमध्ये ३.८ टक्के निघालं. म्हणजे साधारण २६ गिनीपिगमागे एक. या आकड्यात धडधाकट आणि आजारी दोन्ही प्राणी आहेत, आणि ऑपरेशनं सगळ्या प्रकारची आहेत. त्यामुळे तुमच्या गिनीपिगला नेमका एवढाच धोका आहे असा त्याचा अर्थ नाही. पण हा आकडा ऐकूनच निर्णय घ्यायला हवा.

गिनीपिगची भूल अवघड का, याची कारणं शरीरातच आहेत. घशाकडे जाणारी वाट इतकी अरुंद असते की श्वासनलिकेत नळी घालणं कठीण जातं. गालात चघळलेलं अन्न उरलेलं असतं, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. अंग चटकन गार पडतं. आणि या प्राण्याचं पोट थांबून चालत नाही, ऑपरेशननंतर आतडी मंदावली की जीवावर बेततं.

म्हणून डॉक्टरांना प्रश्न विचारा. गिनीपिगची किती ऑपरेशनं केली आहेत? अंग उबदार ठेवायची काय सोय आहे? वेदनाशामक किती दिवस देणार? आणि सगळ्यात महत्त्वाचा : आदल्या रात्री उपाशी ठेवायचं का? कुत्र्या-मांजरांना ऑपरेशनआधी रात्रभर उपाशी ठेवतात, कारण भुलेत उलटी झाली तर ती फुफ्फुसात जाते. गिनीपिगला उलटी करताच येत नाही. तिला रात्रभर उपाशी ठेवायची गरज नसते, उलट त्याने नुकसान होतं. फार तर तोंड रिकामं व्हावं म्हणून थोडा वेळ अन्न काढतात आणि तोंड धुऊन घेतात. 'रात्री आठनंतर काही देऊ नका' असं उत्तर आलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, संकोच नको.

इंजेक्शनने जाते का?

कधी कधी. फॉलिक्युलर सिस्ट हार्मोनच्या खेळातून झालेली असते, त्यामुळे ती हार्मोनला दाद देऊ शकते. एचसीजी हे इंजेक्शन काही दिवसांच्या अंतराने देतात. ल्युप्रोलाइडसारखी औषधंही वापरतात. यात केस परत येऊ शकतात, मादी शांत होऊ शकते. मात्र परिणाम बहुधा तात्पुरता असतो आणि एचसीजी पुन्हा पुन्हा दिल्यास ॲलर्जी येण्याचा धोका असतो.

सिरस सिस्टचा हार्मोनशी संबंधच नाही, तर ती इंजेक्शनने कमी का होईल? ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण सिस्टचा प्रकार न पाहता इंजेक्शनं देत राहिल्यास पैसे जातात, वेळही जातो, आणि तेवढ्या काळात सिस्ट वाढलेली असते.

तिसरा मार्ग सुईने द्रव काढण्याचा. सोनोग्राफीत पाहत पाहत बारीक सुई घालून पिशवी रिकामी करतात. मोठ्या सिस्टमुळे श्वास कोंडलेल्या, खाणं सोडलेल्या मादीला याने लगेच बरं वाटतं. पण आवरण आतच असतं, त्यामुळे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पिशवी पुन्हा भरते. काढताना द्रव पोटात गळण्याचीही शक्यता असते. ऑपरेशनआधी अशक्त मादीला थोडी ताकद यावी म्हणून, किंवा जिला भूल झेपणारच नाही अशा म्हाताऱ्या मादीला आराम मिळावा म्हणून हा उपाय चांगला आहे. धडधाकट तीन वर्षांच्या मादीला वर्षभर दर महिन्याला सुई टोचत राहणं, याला मी तरी उपचार म्हणणार नाही.

'एवढ्यात दुसरी येईल'

हे वाक्य घरात कुणीतरी बोलतंच. हिशेब खराही आहे. गिनीपिग ज्या किमतीला मिळते, त्याच्या कितीतरी पट खर्च सोनोग्राफी, ऑपरेशन आणि नंतरच्या औषधांना येतो. तो प्रत्येकाला झेपेलच असं नाही, आणि न झेपणाऱ्याला कमी प्रेमळ ठरवण्याचा अधिकार कुणाला नाही. पण गिनीपिग पाच ते आठ वर्षं जगते. तीन वर्षांच्या मादीपुढे आयुष्याचा अर्धा भाग उरलेला असू शकतो. ऑपरेशन झेपणार नसेल तर डॉक्टरांना तसं सरळ सांगा, म्हणजे वेदनाशामक, द्रव काढणं, ठरावीक काळाने तपासणी असा वेगळा आराखडा आखता येतो. काहीच न सांगता दवाखान्यात जाणं बंद करणं हा सगळ्यात वाईट पर्याय आहे, कारण सिस्टने पोट दाबलेली मादी खाणं सोडते आणि उपाशी गिनीपिगचं यकृत झपाट्याने बिघडतं.

घरी काय करायचं, काय अजिबात नाही

सगळ्यात आधी काय नाही ते. औषधाच्या डब्यात मुलांसाठी आणलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप असतं. 'इन्फेक्शन असेल, दोन थेंब देऊ' म्हणून ते गिनीपिगला देऊ नका. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स तिच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतात. मागे उरलेले घातक जिवाणू वाढून विष सोडतात आणि काही दिवसांत प्राणी मरू शकतो. डॉक्टरांनी ऑपरेशननंतर अँटिबायोटिक लिहून दिलं, तर ते गिनीपिगला चालणारं आहे ना, हे तिथेच विचारून घ्या. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही नकोत.

गिनीपिगचं शरीर व्हिटॅमिन सी तयार करू शकत नाही, यात ती आपल्यासारखीच आहे. रोज किलोमागे साधारण १० ते ३० मिलिग्रॅम लागतं, आजारपणात गरज वरच्या टोकाला जाते. ढोबळी मिरची आणि कोथिंबीर यातून ते चांगलं मिळतं. पाण्यात टाकायचे थेंब मात्र भरवशाचे नाहीत, कारण पाण्यात हे व्हिटॅमिन लवकर नष्ट होतं.

ऑपरेशन करून घरी आणल्यावर पहिले दोन-तीन दिवस निर्णायक असतात. पिंजऱ्यातला भुसा काढून स्वच्छ टॉवेल किंवा सुती कापड घाला, म्हणजे टाक्यांना कचरा चिकटत नाही आणि लेंड्या मोजता येतात. लेंड्या कमी झाल्या, लहान झाल्या किंवा थांबल्या की डॉक्टरांना फोन. वजन आता आठवड्याला नाही, रोज करायचं. सुकं गवत सतत समोर हवं. स्वतःहून खात नसेल तर गवताची पूड किंवा भिजवलेल्या पेलेट्सची पेज सिरिंजने भरवावी लागते. सिरिंज तोंडाच्या कडेने आत घालून थोडं थोडं द्यायचं, ती चावेल आणि गिळेल तेवढंच. दर काही तासांनी, रात्रीसुद्धा. एका माणसाला हे जमत नाही, घरातल्यांनी पाळ्या लावून घ्या. वेदनाशामक 'आता बरी दिसतेय' म्हणून मध्येच बंद करू नका, दुखत असेल तर गिनीपिग पहिली गोष्ट सोडते ती खाणं.

जोडीदार असेल तर त्याला लांबच्या खोलीत नेऊ नका. मधे जाळी ठेवून दोघींना एकमेकींचा वास आणि आवाज मिळू द्या, नाहीतर नंतर एकत्र आणताना भांडणं होतात. टाके साधारण १० ते १४ दिवसांत काढतात. सिस्ट हार्मोनवाली असेल तर अंडाशय गेल्यानंतर स्तनाग्रांवरची खपली हळूहळू कमी होते आणि कुशीवर आधी मऊ लव येऊ लागते. पूर्ण केस यायला काही आठवड्यांपासून काही महिने लागतात.